लेकराच्या थेरपीसोबत आईबापाची ट्रेनिंग का लागते

"आईनं मोबाइल हातात दिला म्हणून पोरगं असं झालं." बीड, परभणी, लातूर कुठंही जा, ऑटिझम असलेल्या लेकराच्या आईला हे ऐकावंच लागतं आणि म्हणणारं माणूस बहुतेक घरातलंच असतं. हे साफ खोटं आहे. गेल्या शतकात अमेरिकेतल्या नावाजलेल्या डॉक्टरांनीही आईच्या थंड स्वभावावर खापर फोडलं होतं, पुढं ते मोडीत निघालं. ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे आणि त्यात जनुकांचा वाटा मोठा आहे. आईबापाला येणारा ताण मात्र खरा आहे, इतका खरा की तो लाळेत मोजता येतो.

ते कसं, हे जरा सविस्तर सांगतो कारण मला ही यंत्रणा फार आवडते. ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, त्यामुळं पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच सोडते, ते रक्तातून किडनीच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीला जाऊन भिडतं आणि मग कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन तयार होतं. कॉर्टिसोल वाढलं की तेच उलट मेंदूला सांगतं, बास आता. टाकी भरली की फ्लोट वर येऊन पाणी बंद होतं ना, तसंच. एरवी कॉर्टिसोल सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात जास्त असतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. पण ताण वर्षानुवर्षं चालला की हा चढउतारच सपाट होऊ शकतो. 2010 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मार्शा सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या मोठ्या मुलामुलींच्या आयांची लाळ तपासली तर कॉर्टिसोल कमी निघालं, लढाईवरून आलेल्या सैनिकांमध्ये आढळतं तसं. म्हणून "ताण घेऊ नको" म्हणून काही होत नाही, शरीरच बदललेलं असतं.

मग ट्रेनिंगनं काय होतं? इथं अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जे वाईस यांचे 1970 च्या आसपासचे उंदरांवरचे प्रयोग बघा. दोन उंदरांना सारखेच विजेचे झटके, पण एकाला आधी आवाज ऐकू यायचा, दुसऱ्याला काहीच कळायचं नाही. ज्याला कळायचं नाही त्याच्या पोटात अल्सर कितीतरी जास्त झाले. झटका तेवढाच, फरक फक्त आधी कळण्याचा!

ऑटिझमच्या घरात नेमका हाच प्रश्न असतो, लेकरू कधी किंचाळंल, डोकं आपटंल काही सांगता येत नाही. ट्रेनिंगमध्ये आईबाप बघायला शिकतात की त्याच्या आधी काय झालं होतं, मिक्सर लागला होता का, पाहुणे आले होते का, रोजचा रस्ता बदलला होता का, आणि नंतर लेकराला काय मिळालं. हळूहळू अंदाज येतो, हातात काहीतरी येतं. जागतिक आरोग्य संघटनेचा असाच एक कार्यक्रम आहे, 2 ते 9 वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी, 9 गट-बैठका आणि 3 घरभेटी, तो घ्यायला तज्ज्ञ डॉक्टरच पाहिजे असंही नाही. दुसरा प्रकार थेट पालकांच्या मनासाठी. 2014 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं ऑटिझम किंवा इतर अपंगत्व असलेल्या मुलांच्या 243 आयांना 6 आठवडे शिकवलं. शिकवणाऱ्याही तसल्याच मुलांच्या आया होत्या. सुरुवातीला 85 टक्के आयांचा ताण फार वाढलेला होता, तो श्वासाच्या सरावानंही उतरला आणि विचारांकडं बघण्याच्या सरावानंही. झोप श्वासवाल्या गटात जास्त सुधारली.

आणि इकडं काय चाललंय, तर देवऋषी, उतारा, अंगारा, नाहीतर शहरात जाऊन स्टेम सेलवर, म्हणजे मूळ पेशी शरीरात सोडण्याच्या उपचारावर, लाखो रुपये. ऑटिझमवर स्टेम सेल चालते याला पुरावा नाही, कुणी कितीही मोठा बोर्ड लावू दे. त्याच पैशात वर्षभर स्पीच थेरपी होते, त्याचं मला फार वाईट वाटतं.

जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथं लेकराची तपासणी होते. तिथं गेलात की फक्त लेकराच्या थेरपीचं विचारू नका, आमच्यासाठी काय आहे तेही विचारा आणि बापाला, आजीला सोबत न्या. आई एक नियम पाळते, आजी लेकरू रडलं की लगेच मोबाइल देते, आणि असं कधीकधीच मिळणारं बक्षीस रडायची सवय सगळ्यात घट्ट करतं. एकट्या आईची ट्रेनिंग मग अर्ध्यातच अडकते.