सेडोना परिसरातले पोहण्याचे डोह

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात, लाल वालुकाश्माच्या डोंगरांमधे साधारण 1,320 मीटर उंचीवर सेडोना नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या आसपास ओक क्रीक या ओढ्यावर लोक जिथे जिथे पोहायला उतरतात त्या जागांची ही नोंद. (नाव स्पॅनिश वाटतं पण तसं काही नाही, 1902 साली पोस्ट ऑफिस निघालं तेव्हा तिथल्या सेडोना श्नेब्ली या बाईंचं नाव गावाला दिलं गेलं.) मुलूख कोरडा असला तरी हा ओढा बारमाही आहे, कारण वरच्या पठारावर मुरलेलं पाणी दरीच्या माथ्याशी झऱ्यांमधून बाहेर येतं, आणि म्हणूनच बाहेर ऊन कितीही रणरणत असलं तरी पाणी अंगावर काटा आणेल इतकं थंड. पुढे ओक क्रीक व्हर्डे नदीला मिळतो.

दरीची जागा मुळात ओक क्रीक फॉल्टमुळे ठरली, म्हणजे जमिनीतल्या भेगेच्या रेषेत खडक कमकुवत झाला आणि पाण्याने तिथेच वाट काढली. भेगेच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीची हालचाल एकदाच नाही तर किमान दोन टप्प्यांत झाली आणि दुसऱ्या वेळी उलट्या दिशेने झाली असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, दरीची पूर्वेकडची कड पश्चिमेपेक्षा बरीच खाली आहे ती त्यामुळेच.

सगळ्यात प्रसिद्ध जागा म्हणजे स्लाइड रॉक, गावापासून उत्तरेला 11 किलोमीटरवर. ही मुळात सफरचंदाची बाग. फ्रँक पेंडली 1907 मधे या दरीत आले, 1910 मधे होमस्टेड कायद्याखाली (सरकारी जमीन कसणाऱ्याला देणारा कायदा) जमीन त्यांच्या नावावर झाली, 1912 मधे पहिली झाडं लागली, 1985 मधे राज्याने जागा विकत घेतली आणि 1987 पासून ते स्टेट पार्क आहे. घसरण खडकातच कोरली गेलेली, सुमारे 24 मीटर लांब, रुंदी जेमतेम एक मीटर, उतार फक्त 7 टक्के. एवढ्याशा उतारावर माणूस इतक्या जोरात का जातो तर शेवाळ. खडकावर त्याचा बुळबुळीत थर असतो, त्यावर बसलं की पाणीच ढकलत नेतं, मधल्या उंचवट्यांवर बूड सडकून निघतं आणि खालच्या डोहात डोकं बाहेर काढेपर्यंत मागचा माणूस येऊन धडकतो. जाडजूड जुनी हाफपँट घालून जावं, आणि जास्त लोक पडतात ते घसरताना नाही तर चालताना.

स्लाइड रॉकबद्दल खरा वाद आहे तो पाण्यातल्या ई. कोलायचा. हा जंतू उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात असतो, त्याच्या बहुतेक जाती स्वतः निरुपद्रवी पण तो सापडला म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली आहे असं समजायचं. इथे वर्षानुवर्षं वापरला गेलेला आकडा 100 मिलिलिटरमधे 235 जंतू, त्याच्या वर गेलं की पोहणं बंद करत. हा आकडा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेच्या 1986 च्या निकषांमधून आला, त्यात सरासरी 126 धरली होती आणि दर हजार पोहणाऱ्यांमागे 8 जणांचं पोट बिघडणं हे चालण्यासारखं मानलं होतं. नमुना वाढवून मोजायला नेहमीच्या पद्धतीने 18 ते 24 तास लागतात, म्हणजे रिपोर्ट येतो तो कालच्या पाण्याचा.

जंतू येतात कुठून यावर तीन मतं. दरीतल्या घरांच्या सेप्टिक टँकमधून, असं एक. दुसरं, येणाऱ्या गर्दीतूनच, आणि लंगोटाची पोरं व कुत्री यांच्याकडे बोट दाखवलं जातं. तिसरं, जंगली जनावरांकडून. डीएनए जुळवून पाहिलं तेव्हा रॅकून, स्कंक, एल्क, हरीण, कुत्रा आणि माणूस असे सगळेच निघाले, त्यामुळे एकट्या कुणाच्या माथी मारायची सोय राहिली नाही. पण मूळ कोणतंही असो, तळाचा गाळ हे कोठार आहे हे मत जास्त पटण्यासारखं आहे. गाळात ऊन पोचत नाही, खायला मिळतं, तिथे ई. कोलाय वाहत्या पाण्यापेक्षा बराच जास्त टिकतो. डोहाच्या कडेला पाऊल टाका, बोटांमधून तपकिरी ढग वर येतो आणि प्रवाहाबरोबर खाली जातो, त्याच ढगात तो असतो. म्हणजे पोहणारे घाण आणत नसले तरी आधीची ढवळून वर काढतात, उन्हाळ्यातल्या गर्दीत आकडा चढण्याचं एक कारण हेच. दुसरं कारण पावसाळा, अ‍ॅरिझोनात त्यालाही मान्सूनच म्हणतात, 15 जून ते 30 सप्टेंबर धरतात, एका सरीत डोंगरावरचं सगळं धुऊन ओढ्यात. मे 2014 च्या स्लाइड फायर वणव्यात दरीच्या वरच्या भागात 21,000 एकरांहून जास्त जळलं, अशा जळालेल्या उतारावरून पाणी आणखी वेगाने आणि राख घेऊन उतरतं. वर आभाळ निरभ्र असताना खाली लोंढा येऊ शकतो, ढग दूर कुठेतरी फुटलेला असतो.

बाकीच्या जागा थोडक्यात. ग्रासहॉपर पॉइंट गावापासून जेमतेम तीन किलोमीटर, उभ्या कड्याखाली खोल डोह, पोरं वरून उड्या मारतात पण पाण्याची पातळी बदलत असते तेव्हा आधी खाली उतरून बघितलेलं बरं. रेड रॉक क्रॉसिंग कॅथेड्रल रॉक या डोंगराच्या पायथ्याशी, उथळ, पोहण्यापेक्षा पाय सोडून बसायची जागा. वेस्ट फोर्क या ओक क्रीकला मिळणाऱ्या ओढ्याच्या पायवाटेवर तो ओढा तेराएक वेळा ओलांडावा लागतो, वाट संपल्यावर पुढे दोन्ही भिंतींमधलं पाणी पोहूनच पार करायचं. रेड रॉक स्टेट पार्कमधे मात्र ओक क्रीकच वाहत असूनही पाण्यात उतरायला बंदी आहे, नावातल्या सारखेपणामुळे लोक फसतात.

फॉसिल क्रीक हा वेगळाच ओढा, बराच लांब पण पाणी वर्षभर 21 अंशांच्या आसपास, झऱ्यांमधून मिनिटाला सुमारे 75,000 लिटर. विजेसाठी वळवलेलं हे पाणी 2005 मधे परत ओढ्यात सोडलं, तेव्हापासून ट्रॅव्हर्टाइनचे चुनखडी बांध पुन्हा वाढताहेत.

तळ्यांचं म्हणाल तर पोहणाऱ्याला फारसं काही नाही. प्रेस्कॉट या शहराकडची वॉटसन लेक आणि लिंक्स लेक दोन्ही धरण बांधून केलेली, दोन्हीकडे होडी चालते, पोहणं नाही.