दहीहंडीतील जोखीम आणि संमती

दहीहंडीचे थर लावताना हातपाय मोडतात, मणक्याला मार बसतो, प्रसंगी जीवही जातो. हे ठाऊक असताना थर लावावेत का, आणि लावले तर त्याची जबाबदारी कोणाची, हा महाराष्ट्रातला जुना वाद आहे. श्रावण वद्य नवमीला, म्हणजे जन्माष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, मुंबई-ठाण्यात तो दरवर्षी नव्याने पेटतो.

‘आमचा जीव, आमची हौस’ हा गोविंदांचा नेहमीचा युक्तिवाद. तो क्षुल्लक मानू नये. गिर्यारोहक किंवा मुष्टियोद्धा स्वतःच्या देहावर जोखीम घेतो, तेव्हा आपण त्याला अडवत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यानेही १८५९ साली हेच मांडले होते: दुसऱ्याला अपाय होत नसेल तर शहाण्या, सज्ञान माणसावर सक्ती करू नये. अडचण अशी की थरात कोणीही एकटा नसतो. खालचा गोविंदा शेजाऱ्याच्या खांद्यांत हात गुंफून, मान खाली घालून उभा असतो. वर काय चालले आहे हे त्याला दिसत नाही, फक्त खांद्यावरच्या पायांची थरथर कळते. त्याचा गुडघा लचकला तर वरून पडणारा दुसराच असतो, आणि तो ज्याच्या अंगावर पडतो तो तिसरा. म्हणून इथे एकाची संमती पुरत नाही. संमती सगळ्या पथकाची लागते, आणि त्यात सर्वात वर चढणारा बहुधा सर्वात लहान व हलका असतो.

कायद्याने ही सीमा फार पूर्वीच आखली आहे. भारतीय दंडसंहितेचे कलम ८७ (आता भारतीय न्याय संहितेचे कलम २५) खेळातल्या संमतीला मान देते. तिथे दिलेले उदाहरणही दोघांनी करमणुकीसाठी खेळलेल्या तलवारबाजीचे आहे. मात्र संमती देणारा अठरा वर्षांवरचा हवा, आणि त्या कृत्यातून मृत्यू किंवा जबर दुखापत संभवते हे करणाऱ्याला ठाऊक नसावे. नऊ थरांखाली उभ्या राहणाऱ्या कोणाला ही दुसरी अट पाळता येईल?

ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि उंची २० फुटांवर रोखली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात हे निर्बंध सैल केले, २०१६ साली पुन्हा लागू केले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा काढली. वयाची अट चौदा वर्षांवर आली. २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊन नुकसानभरपाईची तरतूद जाहीर केली. जखमी गोविंदाच्या घरच्यांना तिचा आधार आहे, पण चौदा वर्षांच्या मुलाला वर कोणी चढवले याचे उत्तर त्यात नाही.

या वादात आयोजक सहज निसटतात. दोष पथकांच्या माथी जातो, पण जास्त थरांना जास्त बक्षीस हे गणित व्यासपीठावर ठरते. सात थर सफाईने लावणारे पथक आठव्याला हात घालते त्यामागे चुरस असते, तशी ती रक्कमही असते. गुरुपौर्णिमेपासून रात्री उशिरापर्यंत घाम गाळणाऱ्या, नोकरी-धंदा सांभाळून सरावाला येणाऱ्या पोरांवर बेजबाबदारपणाचा शिक्का मारणे अन्याय आहे. गाद्या, हेल्मेट आणि वरच्या गोविंदाला बांधलेला दोर यांचा खर्च बक्षीस लावणाऱ्यानेच उचलायला हवा.

स्पेनमधल्या कॅटलोनियातही असेच मनोरे रचतात. त्यांना ‘कास्टेल’ म्हणतात, आणि २०१० पासून ते युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहेत. २००६ मध्ये एक मुलगी पडून दगावली, त्यानंतर तिथे वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आले. तिथली गुण देण्याची पद्धत आपल्या आयोजकांनी पाहण्याजोगी आहे: मनोरा पुरा होऊन नंतर कोसळला तर गुण कमी, आणि सगळे थर एकेक करून सुखरूप खाली उतरले तर जास्त.