संत्र्याचा रस चिकनला केव्हा भेटावा?

कामावरून घरी परतल्यावर तासाभरात जेवण वाढायचे असेल, तर चिकनच्या बोनलेस ब्रेस्टइतके सोयीचे मांस दुसरे नाही, आणि त्याच्या सौम्य चवीला आंबटगोड फळाच्या सॉसइतकी चांगली जोडही क्वचितच मिळते. अर्धा किलो ब्रेस्ट, चार नागपुरी संत्री, थोडे लोणी, आले आणि मिरपूड एवढ्यावर उत्तम जेवण होते. मात्र अनेकजण सोयीसाठी चिकन आधी संत्र्याच्या रसात मुरवतात आणि मग त्याच रसासकट पातेल्यात शिजवायला ठेवतात. असे केलेले मांस बाहेरून फिकट, आतून कोरडे आणि सॉस कडवट लागण्याची शक्यता बरीच असते, आणि त्याचा दोष बिचाऱ्या संत्र्यांवर येतो. फळातील साखर, आम्ल आणि काही फळांतील विकरे म्हणजे एन्झाइम हे घटक मांसाला फार लवकर भेटले तर त्याच्या शिजण्यात अडथळा आणतात, आणि तेच शेवटच्या पाच मिनिटांत भेटले तर पदार्थाची चव उंचावतात. हे असे का होते, हे समजले की संत्र्याच्या जागी दुसरे कोणतेही फळ घेताना अडचण येत नाही.

सुरुवात मांसापासून करू. ब्रेस्टमध्ये वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, एक पंचमांशापेक्षा थोडी जास्त प्रथिने असतात आणि चरबी अगदी नाममात्र असते. हे पाणी स्नायूंच्या तंतूंमध्ये, मुख्यतः मायोसिन आणि ॲक्टिन या दोन प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेले असते. तापमान ४० ते ५० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की मायोसिनची घडी विस्कटू लागते आणि मांस पारदर्शकपणा सोडून पांढरे व घट्ट होऊ लागते. साठीच्या पुढे तंतूंभोवतीचे कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे आवरण आकसते, आणि साधारण ६६ अंशांपासून ॲक्टिनही विस्कटू लागते. या टप्प्यानंतर पिळलेल्या ओल्या पंच्याप्रमाणे मांसातून पाणी बाहेर पडते, आणि ८० अंशांपर्यंत पोहोचलेला ब्रेस्ट कितीही सॉसमध्ये बुडवला तरी आतून कोरडाच लागतो. सॉस तंतूंच्या आत शिरून गेलेले पाणी भरून काढील, ही समजूत दुर्दैवाने खरी नाही.

दुसऱ्या बाजूला सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कच्च्या चिकनवर साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात, म्हणून मांसाच्या सर्वांत जाड भागाच्या मध्यभागी तापमान ७४ अंशांपर्यंत जावे, असा घरगुती स्वयंपाकासाठीचा सर्वमान्य सल्ला आहे. या तापमानाला साल्मोनेला काही सेकंदांत मरतो. ६० अंशांना तेच काम व्हायला साधारण अर्धा तास लागतो. म्हणजे रसाळपणा आणि सुरक्षितता यांच्यामध्ये आपल्या हाती उरतात ते जेमतेम पाच-सहा अंश. तुकडा पूर्ण शिजला की नाही हे रंगावरून ठरवणे विश्वासार्ह नाही, कारण मांसाचा गुलाबीपणा मायोग्लोबिन या रंगद्रव्याच्या प्रमाणावर आणि मांसाच्या आम्लतेवरही अवलंबून असतो. चांगल्या प्रतीचा, टोकदार स्वयंपाकाचा थर्मामीटर घरात असावा असे माझे ठाम मत आहे. ज्या घरात आठवड्यातून एकदा तरी चिकन होते, तिथे त्याच्याइतके उपयोगी दुसरे उपकरण नाही.

ही अरुंद पट्टी गाठायची तर तुकड्याची जाडी सर्वत्र सारखी हवी. उष्णता मांसाच्या आत हळूहळू झिरपते, आणि ती मध्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ सुमारे चौपट लागतो. ब्रेस्टचे एक टोक तीन सेंटीमीटर जाड आणि दुसरे एक सेंटीमीटर असेल, तर जाड टोक शिजेपर्यंत पातळ टोक वाळून जाणारच. म्हणून ब्रेस्ट आडवा चिरून दोन पातळ काप करावेत, किंवा स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून लाटण्याने हलकेच ठोकून साधारण दीड सेंटीमीटरची सारखी जाडी करून घ्यावी. आठवड्याच्या मधल्या दिवशी दहा मिनिटांत शिजणारे चिकन हवे असेल, तर त्याची खरी गुरुकिल्ली हीच आहे.

यानंतर मीठ. मांसाच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे अर्ध्या किलोला पाच ग्रॅम, अर्थात चहाच्या सपाट चमच्याहून किंचित कमी मीठ चोळून तुकडे अर्धा तास ठेवावेत. पहिल्या काही मिनिटांत पृष्ठभागावर पाणी सुटलेले दिसते. ते मीठ विरघळवते आणि हे खारे पाणी हळूहळू पुन्हा मांसात शोषले जाते. मिठामुळे मायोसिनचा काही भाग विरघळतो, तंतू किंचित फुगतात आणि तापल्यावर पूर्वीइतके आकसत नाहीत. आम्ल याच्या उलट वागते. स्नायूतील प्रथिनांची पाणी धरण्याची क्षमता पाचच्या थोड्या वर असलेल्या पीएचला (हे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) सर्वांत कमी असते, आणि कच्चा ब्रेस्ट त्यापासून फार दूर नसतो. संत्र्याचा रस, ज्याचा पीएच साडेतीन ते चारच्या दरम्यान असतो, तुकड्याच्या बाहेरच्या थराला नेमका त्या दिशेने ढकलतो, त्यामुळे दीर्घकाळ आंबट रसात ठेवलेल्या ब्रेस्टचा पृष्ठभाग पांढरट आणि पिठूळ होतो. आपल्याकडे तंदुरीसाठी चिकन दह्यात मुरवतात ते यशस्वी होते, कारण दही संत्र्याच्या रसापेक्षा काहीसे सौम्य असते, शिवाय तो दाट लेप मांसाला धगीपासून वाचवतो.

फळांतील विकरांचा प्रश्न संत्र्याच्या बाबतीत उद्भवत नाही, पण संत्र्याऐवजी अननस घेणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. अननसात ब्रोमेलेन, कच्च्या पपईत पपेन, किवीत ॲक्टिनिडिन आणि अंजिरात फायसिन ही प्रथिने तोडणारी विकरे असतात. मटण मऊ होण्यासाठी कच्च्या पपईचा गर लावण्याची आपली पद्धत याच गुणावर आधारलेली आहे आणि भरपूर कोलॅजेन असलेल्या चिवट मांसासाठी ती योग्यही आहे. ब्रेस्टमध्ये मात्र तोडण्यासारखे चिवट असे काही फारसे नसते, त्यामुळे ताज्या अननसाच्या रसात तो तासभर ठेवला तर बाहेरचा थर लगद्यासारखा होतो आणि आतला भाग तसाच राहतो. डब्यातील अननस आधीच तापवलेला असल्याने त्यातील ब्रोमेलेन निष्क्रिय झालेले असते. ताज्या अननसाचा रस उकळून घेतल्यासही हेच साधते.

आता साखरेकडे वळू. चिकनच्या पृष्ठभागावर येणारा खरपूस तपकिरी रंग आणि त्याच्याबरोबर येणारा गंध ही मुख्यतः मायार अभिक्रियेची देणगी आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये अमिनो आम्ले आणि साखर एकत्र तापवल्यावर होणाऱ्या या बदलाचे वर्णन केले, आणि १९५३ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉन हॉज यांनी तिच्या टप्प्यांची सुसंगत मांडणी केली. ही अभिक्रिया स्वयंपाकाला उपयोगी पडेल इतक्या वेगाने होण्यासाठी पृष्ठभाग साधारण १४० अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही. रसात बुडालेले चिकन म्हणूनच उकडले जाते, भाजले जात नाही. त्यात आम्लामुळे अमिनो गटाला प्रोटॉन चिकटून त्याची साखरेशी जोडले जाण्याची तयारी कमी होते, म्हणजे आंबट पृष्ठभागावर ही अभिक्रिया आणखी मंदावते. रस पूर्ण आटला तरी सुटका नाही, कारण फळातील फ्रुक्टोज सुमारे ११० अंशांपासूनच कॅरमलसारखे जळू लागते, तर साधी साखर १६० अंशांपर्यंत टिकते. त्यामुळे रस लागलेला तुकडा तापलेल्या तव्यावर टाकला की आतले मांस शिजण्यापूर्वी बाहेर काळे डाग पडतात.

म्हणून तुकडे स्वच्छ कागदी रुमालाने टिपून कोरडे करावेत, आणि हे काम मन लावून करावे. एक ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यासाठी लागते त्याच्या सुमारे सातपट ऊर्जा त्याच पाण्याची वाफ करण्यासाठी लागते; ओलसर तुकड्याने ती सारी तव्याकडून ओढून घेतली की तवा थंड पडतो. स्टीलच्या जाड बुडाच्या पॅनमध्ये दोन चमचे शेंगदाण्याचे तेल चांगले तापवून तुकडे एकमेकांना न चिकटता ठेवावेत. टाकताक्षणी मोठी आणि सलग चरचर ऐकू आली पाहिजे. सुरुवातीला तुकडा बुडाला घट्ट चिकटतो आणि त्याला ओढावेसे वाटते, पण तीन-चार मिनिटांनी कडा पांढऱ्या झाल्या आणि खालचा थर खरपूस झाला की तो कालथ्याने सहज सुटतो. उलटल्यावर आणखी दोन-तीन मिनिटे पुरतात. मध्यभागी ७१-७२ अंश दिसले की तुकडे गरम ताटलीत काढून झाकून ठेवावेत; बाहेरच्या थरातील उष्णता आत जात राहते आणि उरलेले दोन-तीन अंश चढतात. ते ७४ पर्यंत गेल्याची खात्री थर्मामीटरनेच करावी.

पॅनच्या बुडाला जी तपकिरी खरवड उरते तिथून सॉस सुरू होतो. मायार अभिक्रियेतून तयार झालेल्या शेकडो गंधद्रव्यांचा तो साठा आहे, आणि नॉन-स्टिक पॅनमध्ये तो नीट तयारच होत नाही, म्हणून इथे स्टीलचा आग्रह. लोखंड आणि ॲल्युमिनियम मात्र टाळावे, कारण आंबट रस त्यांच्याशी अभिक्रिया करतो आणि सॉसला धातूची चव येते. जास्तीचे तेल काढून त्यात चमचाभर किसलेले आले परतावे आणि संत्र्यांचा कपभर रस ओतून लाकडी चमच्याने बूड खरवडावे. खरवड काही क्षणांत विरघळते आणि पिवळा रस गडद तांबूस होतो. मोठ्या आचेवर तो एक तृतीयांशाच्या आसपास आटवावा. साखर आणि आम्ल दोन्ही जवळपास तिप्पट दाट होतात आणि चमच्याच्या पाठीवर सॉसचा पातळ थर टिकू लागतो.

या रसाच्या बाबतीत एक धोका आहे, आणि मोसंबीचा रस काढून काही वेळ ठेवणाऱ्या प्रत्येक घराला तो ओळखीचा आहे. अख्ख्या फळाच्या पापुद्र्यात, सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि बियांमध्ये लिमोनिन या कडू द्रव्याचे चव नसलेले पूर्वरूप असते. फळ पिळले की पेशी फुटतात, ते पूर्वरूप रसातील आम्लाच्या संपर्कात येते आणि त्याचे हळूहळू लिमोनिन होते; उष्णतेने हा बदल आणखी वेगाने होतो. दहा लाख भाग रसात सहा भागांच्या आसपास लिमोनिन असले तरी जिभेला कडवटपणा जाणवतो. म्हणून संत्री मिक्सरमध्ये फिरवू नयेत. ती आडवी कापून हाताने, फार जोर न लावता पिळावीत, बिया आणि चोथा बारीक गाळणीने लगेच काढावा, आणि रस पॅनमध्ये घालायच्या वेळीच काढावा. तरीही किंचित कडूपणा उरला तर साखरेआधी मिठाची चिमूट घालून पाहावी. फिलाडेल्फियातील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधील पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशाँ यांनी १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले होते की मीठ कडू चवीला दाबते आणि त्यामुळे दबून राहिलेली गोडी मोकळी होते.

रस आटला की आच बंद करावी आणि २५ ग्रॅम थंड लोणी छोट्या तुकड्यांत घालून पॅन गोल फिरवत राहावे. लोण्यातील दुधाची प्रथिने आणि फॉस्फोलिपिडे चरबीच्या सूक्ष्म थेंबांना रसात तरंगत ठेवतात आणि सॉस चकचकीत, मखमली होतो. पुन्हा उकळी आली तर हे थेंब एकत्र येऊन तूप वर तरंगते. ताटलीत चिकनमधून सुटलेला रसही यातच घालावा. सर्वांत शेवटी संत्र्याच्या सालीचा केवळ केशरी भाग किसून मिसळावा, कारण लिमोनीन आणि त्याच्या जोडीची सुगंधी तेले (नावातले साम्य सोडले तर यांचा कडू लिमोनिनशी गोंधळ होऊ देऊ नये) उकळत्या सॉसमधून वाफेबरोबर उडून जातात. मिरपूड घालून सॉस चिकनवर ओतावा. यासोबत गरम भात किंवा पाव चांगला लागतो.

फळ आणि चिकन सुरुवातीपासून एकत्र रटरटत ठेवणाऱ्या परंपराही आहेत आणि त्या चुकीच्या नाहीत. इराणच्या गिलान प्रांतातील फेसेंजान अक्रोडाच्या कुटात आणि डाळिंबाच्या आटवलेल्या रसात दीर्घकाळ शिजते, आणि मुंबईच्या पारशी घरांतील जर्दाळू सल्ली मा मरघीमध्ये भिजवलेले जर्दाळू रश्श्यात मुरतात. अशा पदार्थांना लेग पीस जास्त मानवतो. पायाच्या मांसात कोलॅजेन आणि चरबी जास्त असते, ७० अंशांच्या वर बराच वेळ राहिल्यावर त्या कोलॅजेनचे जिलेटिन होते, आणि तेच मांसाला ओलावा व रश्श्याला दाटपणा देते. तिथे ८५ अंशांपर्यंत गेले तरी बिघडत नाही, उलट मांस हाडापासून सहज सुटते. पण त्यासाठी पाऊण-एक तास हवा, जो सुटीच्या दिवशीच मिळतो.

उरलेले चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी तापवलेल्या चिकनला जो शिळा वास येतो, तो मुख्यतः त्यातील असंतृप्त चरबीचे ऑक्सिडीकरण झाल्यामुळे येतो, आणि शिजताना मांसातून मोकळे झालेले लोह त्याला गती देते. सॉस तुकड्यांवर पसरून हवाबंद डब्यात ठेवल्यास हवेचा संपर्क कमी होतो. तापवताना चिकनचे पातळ काप करून ते सॉसमध्येच मंद आचेवर वाफ येईपर्यंत गरम करावेत. लोणी फुटून वर आले, तर चमचाभर पाणी घालून ढवळले की सॉस बऱ्यापैकी मिळून येतो.