मिक्सर, विळी, चॉपर विमानाने नेताना: कोणती वस्तू कुठल्या बॅगेत, कोणती कागदपत्रं

स्वतःच्या घरासाठी मिक्सर विमानाने न्यायला परवानगी लागत नाही. अर्ज नाही, फी नाही. प्रश्न एवढाच, की कोणता भाग कुठल्या बॅगेत टाकायचा.

भारतात हे नियम बीसीएएस, म्हणजे नागरी विमान सुरक्षा ब्यूरो, ठरवतं आणि मुंबई-पुण्यासारख्या विमानतळांवर तपासणी सीआयएसएफचे जवान करतात. धारदार पातं केबिन बॅगेत चालत नाही. मिक्सरची भांडी, विळी, सुऱ्या, फूड प्रोसेसरच्या चकत्या, दोरी ओढायचा चॉपर हे सगळं चेक-इन बॅगेत टाका. किसणीवरून काउंटरवर हुज्जत घालण्यापेक्षा तीही तिथेच जाऊ द्या. अमेरिकेत टीएसए, म्हणजे तिथली विमानतळ तपासणी यंत्रणा, पातं काढलेला ब्लेंडर केबिनमध्ये नेऊ देते, पण आपल्या भांड्यांची पाती तळाशी घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे या सवलतीचा आपल्याला फारसा उपयोग नाही.

बॅग उघडून तपासणाऱ्याचा हात कापणार नाही, अशा बेताने पॅकिंग करावं. भांड्यातल्या पात्यावर जाड पुठ्ठा बसवून वर कापड कोंबा. घडीची विळी मिटवून पात्याला पुठ्ठा गुंडाळा आणि सुतळीने बांधा. मोटरचा भाग बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे. मात्र त्यावर चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे देऊ नका. तांब्याच्या वेटोळ्यांमुळे मोटर एक्स-रेमध्ये गडद गोळ्यासारखी दिसते आणि बॅग उघडली जाण्याची शक्यता असते. अमेरिकेला जाणार असाल तर टीएसएमान्य, म्हणजे तपासणी करणाऱ्यांना त्यांच्या किल्लीने उघडता येणारं, कुलूपच लावा. एरवी तपासणीसाठी कुलूप तोडलंही जातं.

चार्जिंगच्या छोट्या ब्लेंडरचं गणित जरा उलटं आहे. बॅटरी सुटी होत असेल तर ती केबिन बॅगेत आणि पात्याचा भाग चेक-इनमध्ये. बॅटरी आतच बसवलेली असेल तर यंत्र पूर्ण बंद करून, बटण चुकून दाबलं जाणार नाही असं बांधून चेक-इनमध्ये टाका. 100 वॉट-अवरपर्यंतच्या (बॅटरीची क्षमता मोजायचं एकक) बॅटरीला वेगळी मंजुरी लागत नाही. 100 ते 160 असेल तर विमान कंपनीला आधी विचारावं लागतं. पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीच नको.

आणि हो, रिकामं दिसतं म्हणून मिक्सरच्या भांड्यात सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भरू नका. खोबऱ्यात तेल असतं, त्यामुळे अनेक भारतीय विमान कंपन्यांच्या मनाई यादीत ते आहे.

कागदपत्रं मोजकीच: पासपोर्ट, तिकीट आणि वस्तू नवी असेल तर जीएसटीचं बिल. कस्टम्सने किंमत विचारली तर ते दाखवता येतं. वजनाची मर्यादा तिकिटावर बघा. खरेदीआधी व्होल्टेजही बघा. ब्रिटन, दुबईला आपला 230 व्होल्टचा मिक्सर चालतो, फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकेत 120 व्होल्ट असल्याने भारतीय कंपन्यांचं 110 व्होल्टचं मॉडेल घ्यावं. जड ट्रान्सफॉर्मर वाहून नेण्यात काही अर्थ नाही.

पोचल्यावर बॅग फुटलेली दिसली तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या नुकसानीचा अहवाल, नोंदवा. त्यासाठी बॅग टॅगची चिठ्ठी जपून ठेवा आणि फोटो काढा. नुकसान घरी गेल्यावर कळलं तर आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार करता येते. पॅकिंगच कच्चं होतं असं ठरलं, तर मात्र कंपनी भरपाई नाकारू शकते.