अडीच मुठींवरचा उपग्रह

ब्रिटनमधल्या कुठल्याही कारवॅन साइटवर उन्हाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी एक दृश्य हमखास दिसतं. गाडीमागे ओढून आणलेलं चाकांवरचं घर जागेवर लागलेलं असतं, आत चहाचं आधण चढलेलं असतं आणि बाहेर गवतात एकजण तिपाईवरची डिश टीव्हीची तबकडी दोन्ही हातांनी धरून कणाकणाने फिरवत असतो. आतून हाका येत असतात, ‘आलं! आलं... गेलं. मागे घे, मागे!’ बाहेरचा मागे घेतो, तोवर मागेही काही नसतं.

घरावरची डिश कारागीर एकदा बसवून जातो आणि मग ती दहा वर्षं विसरली तरी चालते. फिरत्या घराला ती सोय नाही, दर मुक्कामी सगळं पहिल्यापासून. चित्र आलं नाही की बहुतेकांचा पहिला संशय बॉक्सवर जातो, दुसरा केबलवर. माझ्या मते दहातल्या आठ वेळा दोष भूमितीचा असतो, आणि तीही शाळेतल्या, कोनमापकाच्या भूमितीचा.

ज्या उपग्रहाकडे तबकडी वळवायची तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. एवढ्या उंचीवर पृथ्वीभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पूर्ण होते, म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती एकदा फिरते नेमक्या तेवढ्याच वेळात. म्हणून सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगाने धावणारा उपग्रह जमिनीवरून पाहणाऱ्याला खिळ्याला टांगल्यासारखा स्थिर भासतो. या कक्षेतून साऱ्या जगाला संदेश पाठवता येतील, हे आर्थर क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकातल्या लेखात मांडलं होतं. १९६४मध्ये सिंकॉम ३ या उपग्रहाने टोकियो ऑलिंपिकची दृश्यं प्रशांत महासागरापार पोहोचवली, तेव्हा ती कल्पना दूरचित्रवाणीच्या कामाला आली.

ब्रिटिश वाहिन्या ज्या उपग्रहांवरून येतात ते ॲस्ट्रा २ गटातले उपग्रह २८.२ अंश पूर्व रेखांशावर आहेत. ‘स्थिर’ हा शब्द तिथे थोडा सैल अर्थानेच घ्यायचा. चंद्र-सूर्याच्या ओढीने उपग्रह सरकत राहतात, म्हणून अधूनमधून इंजिनं चालवून त्यांना सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीच्या चौकटीत राखलं जातं. या चौकटीच्या बरोबर खाली काँगोचा पूर्व भाग येतो. लंडनजवळच्या गवतात उभ्या असलेल्या तबकडीला काँगोच्या माथ्यावरचं आकाश पाहायचं असतं!

ते आकाश कुठे सापडतं, हे दोन कोनांनी सांगता येतं. पहिला दिगंश, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलेली दिशा. लंडनहून तो सुमारे १४५ अंश येतो, ढोबळ मानाने आग्नेय, पण किंचित दक्षिणेकडे झुकलेली. दुसरा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची. ती लंडनला साधारण २५ अंश, तर उत्तरेकडे स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसला जेमतेम १९ अंश. हात पुढे ताणून मूठ वळली तर मुठीची रुंदी डोळ्याला सुमारे दहा अंश भरते. म्हणजे लंडनपाशी उपग्रह क्षितिजापासून अडीच मुठींवर, इनव्हर्नेसला दोन मुठींच्याही आत.

हा मुठीचा हिशेब कारवॅन जागेवर लावण्याआधी करावा, नंतर नव्हे. लोक डोक्यावरचं आकाश मोकळं आहे का ते बघतात आणि निर्धास्त होतात. पण उपग्रह डोक्यावर नसतोच, तो समोरच्या झाडांच्या शेंड्यांपाशी असतो. २५ अंशांच्या उतारावर दहा मीटर उंचीचं झाड तबकडीपासून निदान एकवीस मीटर लांब हवं, १९ अंशांवर जवळजवळ तीस मीटर. एप्रिलमध्ये निष्पर्ण फांद्यांतून कशीबशी येणारी वाहिनी जूनमध्ये पानं फुटल्यावर गायब होते, आणि पानं ओली असतील तर आणखी वाईट. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पाणी त्या शोषून घेतं. मुसळधार पावसात चित्र तुटतं तेही याच कारणाने.

होकायंत्र वापरायला हरकत नाही, पण ते कारवॅनच्या लोखंडी सांगाड्यापासून आणि गाडीपासून चार पावलं दूर नेऊन बघावं. बॉनेटवर ठेवलेलं होकायंत्र उत्तर दाखवत नाही, इंजिन दाखवतं.

आता मुख्य अडचण. तबकडी जितकी मोठी तितकी तिची नजर अरुंद. साठ सेंटिमीटरच्या तबकडीला एका वेळी सुमारे तीन अंशांचं आकाश ‘दिसतं’, म्हणजे ताणलेल्या हाताची दोन बोटं. मध्यापासून दीड अंश चुकलं की हाती येणारी शक्ती निम्मी होते. शिवाय डिजिटल बॉक्सला ओळखीचा संकेत पकडून त्याची जुळणी करायला एक-दोन सेकंद लागतात. सगळा घोळ इथे आहे. बाहेरचा माणूस तबकडी सावकाश पण न थांबता फिरवतो, ती बरोबर जागेवरून जाते, बॉक्सला पत्ता लागेपर्यंत पुढे निघून जाते आणि आतून ‘आलं’ अशी हाक येते तेव्हा ती भलतीकडेच बघत असते. बोटभर सरकवायचं, थांबायचं, मनात तीन अंक मोजायचे, मग पुन्हा बोटभर, असं केलं तर पाच मिनिटांचं काम आहे. घाई केली तर तासाचं.

त्याआधी तिपाईचा दांडा उभा आहे ना, हे पाणसळ लावून बघावं. दांडा कलला असेल तर तबकडी डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही नकळत बदलते आणि दोन्ही कोन एकाच वेळी शोधत बसावं लागतं. दांडा ओळंब्यात असला की उन्नतांश मोजपट्टीवर एकदाच लावायचा आणि मग शोध एकाच दिशेत उरतो. बारकं वाटतं, पण अर्धा वैताग इथेच वाचतो.

आणि एक फसवणूक, जिला जवळजवळ प्रत्येक नवखा बळी पडतो. उपग्रह आकाशात आहे म्हणून तो तबकडी आकाशाकडे वळवतो. या तबकड्या तिरप्या जातीच्या असतात. मोठ्या परवलयाचा बाजूचा तुकडा कापून घेतल्यासारखा त्यांचा आकार असतो, म्हणजे तबकडीसमोरच्या, संकेत टिपणाऱ्या डोक्याची सावली तबकडीवर पडत नाही. अशी तबकडी प्रत्यक्षात तिच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. त्यामुळे ब्रिटनमध्ये बरोबर लागलेली तबकडी जवळपास सरळ उभी दिसते, आणि उत्तरेकडे तर चक्क जमिनीकडे झुकल्यासारखी. शेजाऱ्याची तबकडी ‘पडलेली’ दिसली म्हणून मदतीला धावू नये.

तबकडी जे गोळा करते ते किती? अंदाजे हिशेब केला तर एका ट्रान्सपाँडरकडून, म्हणजे उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकाकडून, साठ सेंटिमीटरच्या तबकडीवर एका वॅटच्या दशलक्षांशाचा दशलक्षांश एवढी शक्ती पडते. एवढ्याशा संकेताला दहा मीटर केबलमधून नेलं तर वाटेतच तो संपेल, कारण ११-१२ गिगाहर्ट्झची वारंवारता केबलला पेलत नाही. म्हणून तबकडीपुढच्या डोक्यात, म्हणजे एलएनबीत, तो आधी वाढवतात आणि मग त्याची वारंवारता उतरवून एक-दोन गिगाहर्ट्झच्या घरात आणतात. ही जादू करायला लागणारी वीज त्याच केबलमधून उलट दिशेने, बॉक्सकडून येते. तिच्यात एक छान सांकेतिक भाषा लपलेली आहे. बॉक्सने १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या, लहरी घेतो आणि १८ व्होल्ट दिले की आडव्या. सोबत २२ किलोहर्ट्झचा एक सूर मिसळला की तो वारंवारतेच्या वरच्या पट्ट्याकडे वळतो.

कारवॅनमध्ये हे माहीत असणं सोन्यासारखं आहे. काही वाहिन्या झकास आणि बाकीच्या अजिबात नाहीत, असं झालं तर तबकडीला हात लावू नका. बॅटरी उतरली असेल, केबल बारीक असेल किंवा जोडणीत पाणी शिरलं असेल तर १८ व्होल्ट एलएनबीपर्यंत पोहोचताना इतके घटतात की त्याला ते १३ वाटतात, आणि आडव्या ध्रुवणाच्या साऱ्या वाहिन्या एकदम जातात. जोडणीच्या टोपीत केबलच्या बाहेरच्या जाळीची एखादी तार आतल्या तांब्याला टेकली असेल तर मात्र सगळंच बंद. खिडकीतून किंवा दारातून केबल चेपून आत घेण्याची सवयही सोडलेली बरी.

स्वस्तातला बीप करणारा मीटर कामाचा आहे, पण तो भोळा असतो. त्याला कुठलाही उपग्रह चालतो. लंडनहून २८.२ अंशांच्या उजवीकडे, सुमारे दहा अंशांवर १९.२ अंश पूर्वेचा ॲस्ट्रा आहे आणि त्याच्याही पलीकडे १३ अंशांवरचा हॉटबर्ड. तिन्ही जोरकस. मीटर ओरडायला लागला की माणूस खूश होतो, आत टीव्हीवर मात्र काहीच नाही. अशा वेळी पडद्यावरच्या दोन पट्ट्या बघाव्यात. ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी नुसता आवाज किती हे सांगते, ‘क्वालिटी’ची पट्टी त्यातले शब्द कळताहेत का ते सांगते. पहिली भरलेली आणि दुसरी शून्यावर असेल तर बहुधा तबकडी शेजारच्या उपग्रहावर गेली आहे, तिला डावीकडे, पूर्वेकडे सरकवायला हवं.

जुन्या ॲनालॉग टीव्हीवर संकेत कमी झाला की मुंग्या यायच्या, पण त्या मुंग्यांतूनही क्रिकेटचा चेंडू कळायचा. डिजिटलला असं मधलं काही नाही. चुका दुरुस्त करण्याची बॉक्सची क्षमता पुरते तोवर चित्र निर्दोष दिसतं, ती संपली की चित्राचे चौकोन पडतात आणि पुढच्या क्षणी काळा पडदा. म्हणून चित्र आलं की लगेच बोल्ट आवळू नयेत. क्वालिटी सर्वांत वर जाईल अशी जागा शोधून मगच आवळावे. रात्री पाऊस आला तर तेवढा शिल्लक टेकू कामी येतो.

छतावर बसणाऱ्या स्वयंचलित घुमटाबद्दल विचारलं जातं. बटण दाबलं की तो स्वतः उपग्रह शोधतो, हे खरंच सुखाचं आहे. पण त्याच्या आतली तबकडी लहान असते, त्यामुळे पावसासाठीची शिल्लकही लहान. आणि कारवॅन झाडाखाली लागली तर छताचा घुमट झाडाखालीच राहणार. तिपाई केबल पुरेल तिथवर उन्हात नेऊन ठेवता येते. मी तिपाईच्या बाजूचा आहे. फक्त तिच्या मध्यावर पाण्याचा भरलेला कॅन टांगावा, कारण ताशी पन्नास किलोमीटरच्या वाऱ्यात साठ सेंटिमीटरची तबकडी चार-साडेचार किलोच्या वजनाइतकी ढकलली जाते.

सगळं जुळवूनही वर्षातून दोनदा चित्र जातं. मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये काही दिवस, सकाळी काही मिनिटं, सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याच्या रेडिओ कोलाहलात संकेत बुडतो. त्या मिनिटांत तबकडीकडे नीट बघितलं तर कळतं की ती उपग्रहाकडे किती अचूक वळलेली आहे. पृष्ठभागावरून परतलेला सूर्यप्रकाश थेट एलएनबीच्या तोंडावर एकवटलेला असतो.

हीच तिपाई घेऊन कोणी दक्षिण स्पेनला जातं तेव्हा सगळ्यात मोठा धक्का बसतो. तिथे उपग्रह उलट वर चढलेला असतो, मालागाला सुमारे ३५ अंश, साडेतीन मुठी. झाडं आड येत नाहीत, आकाश निरभ्र. पण ब्रिटिश वाहिन्यांसाठी उपग्रहावर जो झोत आहे तो मुद्दाम ब्रिटिश बेटांवर एकवटलेला आहे. २०१४च्या सुमारास प्रमुख वाहिन्या या नव्या, अरुंद झोतावर गेल्या आणि स्पेनमधल्या अनेक घरांवरच्या तबकड्या एका रात्रीत निकामी झाल्या. उत्तर फ्रान्समध्ये तबकडी थोडी मोठी केली तर भागतं, पण दक्षिण स्पेनमध्ये कारवॅनमध्ये मावेल अशी कुठलीच तबकडी पुरत नाही. पाणसळ बरोबर, कोन बरोबर, व्होल्ट बरोबर, आणि क्वालिटीची पट्टी शून्यावर. तबकडी उजवीकडे १९.२ अंशांवर वळवली, तर जर्मन बातम्या मात्र खणखणीत लागतात.