पोटाचे विकार : मानसिक परिणाम

जठर व आतड्यांच्या दीर्घकालीन दुखण्यांत चिंता, चिडचिड, खिन्नता आणि झोपमोड वारंवार आढळते. मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतील सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडची खबर मेंदूकडे नेतात. त्यामुळे पोट बिघडले की मन अस्वस्थ होणे स्वाभाविकच आहे. उलट दिशेचा परिणामही जुना ठाऊक आहे. पोटाला कायमचे छिद्र राहिलेल्या अलेक्सिस सेंट मार्टिनच्या जठरात डोकावून अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम ब्युमाँट यांनी रागाने पाचकरस बदलतो, हे १८३३ साली नोंदवले.

मात्र यावरून पोटदुखीचे खापर मनावर फोडणे चूक. जठरव्रणाला (अल्सरला) दीर्घकाळ ताणतणाव जबाबदार धरला गेला. पुढे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे दाखवले (नोबेल, २००५). ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ हे ऐकलेला रुग्ण त्रास सांगणेच सोडतो.

क्षोभी आतडे (आयबीएस) या विकारात आतड्यांची संवेदना तीव्र झालेली असते. इतरांना न जाणवणारा वायूचा ताण इथे कळ बनतो. कळेच्या धास्तीने लक्ष पोटावर खिळते आणि वेदना वाढते. मग जवळ शौचालय नसेल तर प्रवास टळतो, पंगतीत जेवणे टळते, एकेक पदार्थ सुटतो आणि एकटेपणा वाढतो.

खिन्नतेमागे शारीरिक कारण आहे का, हे आधी पाहावे. जठराचे अस्तर झिजले की ब-१२ जीवनसत्त्व शोषले जात नाही. विस्मरण व उदासी येते. रक्तस्रावाने लोह घटून थकवा येतो. मळमळीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने काहींना एका जागी बसवत नाही, ही बेचैनी चिंता समजली जाते. स्टिरॉइडनेही मनःस्थिती बदलते.

आयबीएससाठी वर्तनोपचार आणि पोटकेंद्री संमोहन उपयोगी पडतात. डॉक्टर कधी रात्री १० मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिन हे मुळात नैराश्यावरचे औषध सुरू करतात. ही मात्रा नैराश्यासाठी नसून वेदनासंदेश मंदावण्यासाठी असते, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. हे न सांगितल्यास रुग्ण ‘मला वेडा ठरवले’ असे समजून गोळी टाकून देतो. बद्धकोष्ठ असल्यास ती त्रास वाढवू शकते.

शौचातून रक्त, आपोआप वजन घटणे, गिळताना अडथळा किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली लक्षणे असल्यास ताणाचे निदान बाजूला ठेवून आधी तपासणी करावी.