गुरुवारची सुट्टी आणि शुक्रवारची पहिली हीट

भोसरीच्या एमआयडीसीत गुरुवारी गेलात तर रस्ते मोकळे मिळतात. टेम्पो शटरला लागून उभे, चहाच्या टपऱ्या निम्म्या बंद. पुण्यात नवीन आलेल्या माणसाला वाटतं, दत्ताचा वार म्हणून पाळत असतील. दत्ताचा इथे काही संबंध नाही. ही विजेच्या टंचाईतून आलेली सोय आहे. सगळ्या कारखान्यांनी रविवारीच सुट्टी घेतली, तर एक दिवस वीज पडून राहणार आणि उरलेले सहा दिवस ओढाताण होणार. म्हणून भागाभागाला वेगवेगळा वार वाटून दिला गेला आणि पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. जुनी माणसं अजून त्याला ‘स्टॅगरिंग डे’ म्हणतात.

ऊर्जेची मर्यादा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोरडी विहीर येते. तेल संपलं, गाड्या जागच्या जागी थांबल्या, असं काहीतरी. प्रत्यक्षात ती या गुरुवारासारखी येते आणि हळूच कॅलेंडरात, बिलात, कर्जाच्या हप्त्यात जाऊन बसते. जगाच्या अर्थव्यवस्थेतही ती अशीच बसलेली आहे.

आधी एका युनिटाची ओळख करून घेऊ. सत्तर किलोचा माणूस पायथ्यापासून सिंहगड चढतो तेव्हा साधारण ६०० मीटर उंची गाठतो. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने केलेलं काम भरतं चार लाख ज्यूलच्या आसपास. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एका युनिटात आठ-नऊ जण गडावर पोचतात. (शरीराला त्यासाठी जाळावं लागणारं इंधन याच्या चार-पाच पट असतं, पण वर गेल्यावर पिठलं-भाकरीसमोर हा हिशेब कोणी करत नाही.)

माझ्या एका वर्गमित्राची भोसरीत लहानशी फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला त्याला सुमारे ६०० युनिटं लागतात. सिंहगडाच्या भाषेत पाच हजार माणसं. यातल्या पावणेचारशे-चारशे युनिटांवर भौतिकशास्त्राचा हक्क आहे. लोखंड १५०० अंशांच्या जवळ नेऊन पातळ करायला तेवढी उष्णता लागतेच, मालक कितीही चिकट असो. काटकसरीला वाव उरतो तो वरच्या दोनशे युनिटांत. कार्यक्षमता वाढवली की प्रश्न मिटला असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या भट्टीपाशी उभं राहून यावं.

आता मुख्य मुद्दा, आणि त्यासाठी दौंडकडे जावं लागेल. केडगावच्या आसपास गुऱ्हाळं पुष्कळ. उसाचा रस काढला की चिपाड उरतं. ते उन्हात पसरून वाळवायचं, चुलवाणात घालायचं आणि त्याच जाळावर काहिलीतला रस आटवायचा. ऊस आपलं जळण स्वतःच घेऊन येतो. चिपाड चांगलं वाळलेलं असेल तर बाहेरून फारसं काही आणावं लागत नाही. पण अवकाळी पाऊस झाला आणि चिपाड भिजलं की पंचाईत. उष्णतेचा मोठा वाटा चिपाडातलं पाणी उडवण्यातच जातो. मग सरपण विकत आणा, मिळेल ते जाळा. ऊस तोच, गुळव्याचा हातही तोच, गुळाचा भावसुद्धा बदललेला नाही, तरी हिशेब बिघडतो. गूळ करण्यासाठी जाळावं लागणारं जळण वाढलं, एवढंच घडलं.

जगाचं तेल हे असंच एक मोठं गुऱ्हाळ आहे. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं ते जेमतेम २१ मीटरांवर, आपल्याकडच्या एखाद्या खोल विहिरीएवढं. आज समुद्राच्या तळाखाली काही किलोमीटर जावं लागतं, किंवा शेलच्या घट्ट खडकात आडवं भोक पाडून पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने आत ठासावी लागते. पोलाद, पंप, ट्रक, डिझेल या सगळ्यांत आधी ऊर्जा ओतायची, मग ऊर्जा बाहेर येणार. किती ओतल्यावर किती मिळते, या गुणोत्तराला ऊर्जेचा परतावा म्हणू या.

त्याचं गणित मोठं फसवं आहे. एकाला पन्नास मिळत असतील तर मिळकतीतले २ टक्के पुन्हा ऊर्जा मिळवण्यात जातात. परतावा निम्म्यावर, पंचवीसवर आला तरी जातात ४ टक्के; कोणाच्या लक्षातही येत नाही. दहावर आला की १० टक्के, पाचवर २० आणि दोनवर सरळ निम्मी मिळकत. म्हणजे घसरण बराच काळ जाणवतच नाही आणि मग एकदम जाणवते. शाळा, दवाखाने, रस्ते, सिनेमे, पगारवाढ हे सगळं या वजाबाकीनंतर जे उरतं त्यावर चालतं. जमिनीत तेल किती शिल्लक आहे या आकड्यावर वर्तमानपत्रं रकाने भरतात. मला तो आकडा दुय्यम वाटतो.

मग तेल महाग करा, खर्च निघेल, असं कोणी म्हणेल. तिथेच गाडी अडते. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलं. त्याच वर्षी अमेरिकेतली गृहकर्जाची डळमळीत इमारत कोसळली. तेलानेच ती पाडली असं मी म्हणणार नाही, पण आधीच वाकलेल्या घरखर्चावर पेट्रोलचं ओझं पडलं हे खरं. मागणी आटली आणि डिसेंबरपर्यंत भाव ४० डॉलरच्या खाली आला. एप्रिल २०२० मध्ये तर टाळेबंदीमुळे साठवायला जागा उरली नाही आणि अमेरिकेतला वायद्याचा भाव शून्याखाली गेला. तेल न्या आणि वर पैसेही घ्या. भाव फार चढला तर गिऱ्हाईक मोडतं, फार उतरला तर विहीरवाला. दोघांनाही परवडेल अशी मधली पट्टी, परतावा घसरतो तशी, अरुंद होत जाते.

आणि भाव ठरला की अंधार कोणाच्या घरी जायचा हेही ठरतं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, काही महिन्यांत तेल जवळजवळ दुप्पट महागलं. भारताच्या तिजोरीत आधीच डॉलर कमी. १९९१ च्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं होतं आणि जुलैत सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून परदेशी गेलं. त्यामागे इतरही कारणं होती, पण शेवटचा धक्का तेलाचा.

पंधरा वर्षांनी पुण्याने याच खेळाची दुसरी बाजू पाहिली. २००६ साली राज्यात खेडोपाडी बारा-बारा तास भारनियमन होतं. पुण्यासाठी तोडगा निघाला: कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवून तुटीची वेळ भागवायची आणि त्या महागड्या विजेचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी युनिटामागे थोडा थोडा सोसायचा. त्याचं कौतुक ‘पुणे मॉडेल’ म्हणून झालं, आणि योजना हुशारीची होतीच. पण मुळात पुण्याला ती परवडत होती. शिरूर-इंदापूरच्या शेतकऱ्याला कोणी असा पर्याय विचारला नाही.

हेच २०२२ मध्ये जगाच्या पातळीवर घडलं. युक्रेनच्या युद्धानंतर रशियाचा पाइपने येणारा वायू तुटला, तेव्हा युरोपने द्रवरूप वायूची जहाजं मिळेल त्या भावाला उचलली. वायू होता तेवढाच. फक्त जहाजांची तोंडं फिरली. जुलैमध्ये पाकिस्तानने दहा जहाजांसाठी निविदा काढली, एकही बोली आली नाही. बांगलादेशाने खुल्या बाजारातली खरेदी थांबवून भारनियमन सुरू केलं. श्रीलंकेत डॉलरच नव्हते, तिथे पंपांवर दिवस-दिवसाच्या रांगा लागल्या. युरोपातही खतांच्या कारखान्यांनी अमोनियाचं उत्पादन घटवलं, कारण नैसर्गिक वायू हा त्यांचा कच्चा माल. युरियाचे भाव जगभर कडाडले. आपल्या सोसायटीच्या पोत्यावर ते दिसले नाहीत, कारण वाढीव रक्कम सरकारी अनुदानाने गिळली. ती अर्थातच कुठल्यातरी दुसऱ्या खर्चातून आली.

सौर ऊर्जेने हे चित्र बदलतंय, आणि वेगाने. पण तिची मर्यादा निराळी आहे. ती घड्याळात आहे. दुपारी वीज उतू जाते, संध्याकाळी सात वाजता सगळ्यांना हवी असते. केंद्राने २०२३ मध्ये नियम केले की सौर तासांतली वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त असावी. माझ्या फाउंड्रीवाल्या मित्राचं सगळं आयुष्य त्यामुळे उलटं झालं. इतकी वर्षं रात्री दहानंतर वीज स्वस्त, म्हणून भट्टी रात्री चालायची. साचे दिवसा भरायचे, ओतकाम रात्री. आता सवलत दिवसाकडे सरकली, तशी हीट (म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवायचा लोखंडाचा घाणा) तो सकाळी नऊला लावतो. मेमध्ये दुपारी दोन वाजता, पत्र्याखाली, वितळलेलं लोखंड ओतायचं लॅडल धरून उभ्या असलेल्या माणसांना ही सवलत कशी वाटते ते मी विचारलं नाही. चेहऱ्यावर दिसत होतं.

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. बिलाशेजारी तो एक वही ठेवतो, हीटवार युनिटांची. शुक्रवारची पहिली हीट दर आठवड्याला महाग. गुरुवारी भट्टी थंड पडते, मग लोखंडाआधी तिचं अस्तर तापवावं लागतं, त्यात युनिटं जातात. वीज वाचावी म्हणून लागलेली सुट्टी आता वीज खाते.

“मग गुरुवारीही चालव की,” मी म्हणालो.

“चालवली असती. वाळूवाला येत नाही, टेम्पोवाला येत नाही. तो टपरीवालासुद्धा उघडत नाही रे गुरुवारी.”